माशाच्या तेलाचे सहा थेंब

परभणीच्या दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी माझ्या नडगीवर अंगठा दाबला आणि मी कळवळले. "ऑस्टिओमलेशिया," त्या म्हणाल्या. मग सोपं करून सांगितलं, "हाडं मऊ पडलीत. अंगाला ऊन न्हाई, म्हणून व्हिटॅमिन डी न्हाई. ते नसलं की चुना हाडात मुरत न्हाई."

तेव्हा निजामाचं राज्य होतं. मी चोवीस वर्षांची, तीन बाळंतपणं झालेली. पूर्णा गावात आमचं कापडाचं दुकान. सून रस्त्याला दिसायची नाही, हा सासूबाईंचा कायदा. वर्षभर कंबर ठणकत होती, मी डुलत चालत होते. घरात म्हणायचे, आळशी हाय.

औषध होतं माशाच्या यकृतातून काढलेलं दाट तेल. रोज सहा थेंब, आणि सकाळचं ऊन.

आम्ही लिंगायत. सासूबाई म्हणाल्या, "गळ्यात लिंग हाय आन् पोटात मासळी? ह्या घरात चालायचं न्हाई."

"मग मलाबी चालता यायचं न्हाई," म्हणत मी त्यांच्यासमोरच थेंब जिभेवर घेतले. वासानं डोळ्यांत पाणी आलं. त्या दिवसापासून माझं ताट अंगणात मांडलं जाऊ लागलं. मी खुशाल उन्हात जेवले.

महिन्यानं पाय हलके वाटले, आणि तिथंच माझी अक्कल घसरली. सहा थेंबांनी एवढं, तर चमचाभरानं किती? रोज चमचा घेऊ लागले. दीड महिन्यात अन्न नकोसं झालं. ओकाऱ्या, बद्धकोष्ठ, कितीही पाणी प्यायलं तरी घसा कोरडा. सासूबाई म्हणाल्या, देवानं शिक्षा केली.

नवरा मला रेल्वेनं परभणीला घेऊन गेला. डॉक्टरीणबाईंनी बाटली उजेडात धरली. "हे अंगात साचतं, बेटी. जास्त झालं की चुना रक्तात चढतो, गुर्दे बिघडतात."

तेल बंद, आणि दुधातही चुना असतो म्हणून दूधही बंद. पंधरा दिवस खाटेवर, भरपूर पाणी. पुढं कितीतरी दिवसांनी डॉक्टरीणबाईंनी तपासून पुन्हा थेंब सुरू केले, मोजून.

शिक्षा देवानं केली नव्हती. चमचा मीच उचलला होता. म्हणून बायांनो, औषध घ्यायला लाजू नका, पण डॉक्टरला विचारल्याशिवाय एक थेंबही वाढवू नका.

वर्षानं धाकट्या जावेचीही कंबर ठणकू लागली. ती म्हणाली, "अक्का, तुमची बाटली द्या की. लपून घेते."

"लपून न्हाई, आन् माझीबी न्हाई. तुझं माप येगळं असंल."

दुसऱ्या दिवशी तिला घेऊन परभणीच्या दवाखान्यात जायला पुढच्या दारानं निघाले. सासूबाई ओट्यावर होत्या. "लोक बघायलेत," त्या म्हणाल्या.

"बघू द्या," मी म्हणाले, आणि आम्ही दोघी भर बाजारातून टेसनाकडं चालत गेलो.