राखणदाराला न दाखवलेला फोन

इथल्या कथा मी आवडीने वाचते, पण खरं सांगायचं तर विश्वास कधी बसला नाही... मी विज्ञानाची विद्यार्थिनी. घरातली कॉलेजला गेलेली पहिलीच, त्यामुळे असलं काही लिहिताना जरा संकोच वाटतो. तरी लिहिते.

आमचं गाव केरी, पेडणे तालुका. बाबा मासेमारी करतात. मी पणजीला हॉस्टेलवर असते. यंदा नवीन फोन घेतला, पण घरी आले की बॅटरी दुपारपर्यंत संपायची. माझी मैत्रीण सिद्धी म्हणाली, "रेंज कमी असली की फोन सारखा टॉवर शोधत राहतो. त्यात बॅटरी जाते." मला पटलं. आमच्या घरात रेंज नावालाच.

चवथीला, म्हणजे गणेश चतुर्थीला, सगळे घरी जमले होते. नेमकी दुसऱ्या दिवशी माझी एमएस्सीच्या प्रवेशाची ऑनलाइन मुलाखत. बाहेरच्या राज्यातल्या संस्थेला आमची चवथ काय ठाऊक... त्या दिवशी सकाळपासून वीज नव्हती, पावर बँक हॉस्टेलवर विसरलेली, आणि फोनवर सात टक्के. हा प्रवेश हुकला तर वर्ष वाया, आणि घरी लग्नाचा विषय निघणार हे नक्की.

"काय गो बाय, नव्या फोनाक इतकी भूक?" काका म्हणाले. "राखणदाराक दाखवलंस काय?"

"फोन कोण दाखवतं, काका?"

"होडी आणली, नारळ दिलो. पंप आणलो, नारळ दिलो. ह्यो फोन तेवढो तसोच घरात घेतलंस?"

राखणदार म्हणजे आमच्या गावाची राखण करणारा. खाडीकडे माडांखाली त्याचा पाषाण आहे. तिथे रेंज चांगली येते, म्हणून मी निघाले. मागून अख्खं घर निघालं, आरतीच्या कपड्यांत. बाबांनी फोन पाषाणासमोर ठेवला, नारळ ठेवला आणि गाऱ्हाणं घातलं.

"बा राखणदारा म्हाराजा... माझ्या लेकीन नवो फोन घेतलो हा."

"व्हय म्हाराजा," सगळे म्हणाले.

"बॅटरी म्हणजे काय ता आमका ठाऊक नाय. पण पोरगी बोलता तोपर्यंत ह्या यंत्र मदीच बंद पडा नये."

"व्हय म्हाराजा."

मला हसू आवरेना. भीतीसुद्धा वाटत होती.

मुलाखत सुरू झाली. कॅमेऱ्यात येऊ नयेत म्हणून सगळे माडांमागे उभे. मी अडखळत बोलत होते. एका सरांनी विचारलं, "हा विषय तुम्हाला खरंच शिकायचा आहे?" मी हो म्हणाले, आणि मागून काकांच्या तोंडून सवयीने निघालं, "व्हय म्हाराजा."

तिकडच्या मॅडम हसायला लागल्या. "कोण आहे ते?" मी जे होतं ते सांगितलं. पाषाण, नारळ, बॅटरी, सगळं. त्यांनी सगळ्यांना कॅमेऱ्यात बोलावलं. आईने पदर सावरून नमस्कार केला. त्यानंतर मी अडखळले नाही. किती वेळ बोलत होतो कुणास ठाऊक, आरतीचा नैवेद्य गार झाला. कॉल संपल्यावर वर बघितलं... सात टक्के.

प्रवेश मिळाला. आईने अख्ख्या वाड्यावर नेवऱ्या, म्हणजे आमच्याकडच्या करंज्या, वाटल्या.

सिद्धी म्हणते, फोनचं टक्क्यांचं माप चुकलं असेल. असेलही. म्हणून मी पुन्हा त्याच जागी, सात टक्के असताना, तिलाच व्हिडिओ कॉल लावला. आमचं बोलणं रंगात यायच्या आतच फोन बंद पडला.

निघायच्या आदल्या दिवशी बाबा जाळं शिवत होते. मी विचारलं, "बाबा, तुम्हाला खरंच वाटतं, त्यानेच केलं?"

त्यांनी मान वर केली नाही. "माका काय विचारतंस? शिकाक तू जातंस. तूच सोद."

शोधतेय. अजून तरी सापडलेलं नाही.