आई मॉडेममधून बोलली

नाशिकरोडच्या नलूकाकूंनी मला राहायला मागची खोली दिली, दोन वेळचं जेवण दिलं आणि शिकायला म्हणून स्वतःचा नवाकोरा कॉम्प्युटर उघडू दिला. एवढा विश्वास माझ्या शाळेनेही माझ्यावर ठेवला नव्हता! (नववीत आम्ही दोघांनी एकमेकांचा नाद सोडला.)

सुरगाण्याहून आलेला मी कॉम्प्युटरच्या दुकानात झाडलोट करायचो. शेठ म्हणाले, "काकूंकडे मॉडेम बसवून दाखव. त्यांनी फोन करून 'चालतोय' म्हटलं, तर तू कारागीर. नाहीतर गावची एसटी!"

रविवारी सकाळी घाम पुसत मॉडेम बसवला. फोनची वायर काढून त्यात खुपसली. पण इंटरनेटचा नंबर सारखा एंगेज!

"दुसरा कुठलाही लाव ना," काकूंचे यजमान, काका म्हणाले. "रिंग गेली तरी कळेल, चालतोय ते."

घाबरलो की मला एकच नंबर आठवतो : गावच्या किराणा दुकानाचा. दर रविवारी आई तिथे माझ्या फोनची वाट बघत बसायची. अजून आली नसेल, असा अंदाज बांधून मी तो ठोकला.

मॉडेमच्या डब्यातून रिंग ऐकू आली. मग डबा बोलला, "बाळू? बोल रं!"

आई!

"आई, मी हितंच हाय!" मी डब्यावर ओरडलो. पण त्याला तोंड होतं, कान नव्हते! काका मागच्या वायरी चाचपत म्हणाले, "अगं, ही बाई नेमकी बोलते कुठून?"

आईला तिकडे ऐकू जात होतं फक्त मॉडेमचं टीं... टीं...

"अवो भाऊ, निसतं टीं टीं करतंय," ती दुकानदाराला सांगत होती. "काय म्हनता? दवाखान्यातली मशीन? अगं बया! पोरगं दवाखान्यात हाय!"

फोन तोडायला मी माऊसवर झडप घातली.

"मी म्हनतच व्हते!" डबा कडाडला. "त्या काकूच्या हातचं खाऊन..."

काकूंनी माझं मनगट धरलं. "थांब. माझं काय ते पूर्ण ऐकू दे."

"...आमटीत डाळ शोधावी लागती, असं तोच सांगत व्हता! भात कच्चा, पोळी वातड! अंगात जीव राहील का पोराच्या?"

आता कुठे मॉडेमने आपणहून फोन कापला. (सगळं बोलून झाल्यावर!)

वायर परत फोनला लावली आणि गावाला फोन केला.

"डॉक्टर?" आई रडवेली.

"आई, मी ठणठणीत हाय! मशीन तपासत व्हतो."

"असलं काम करतो व्हय रं, मेल्या!"

काकूंनी रिसीव्हर काढून घेतला. "ताई, काळजी करू नका. उद्यापासून आमटीत डाळ घालते."

मग त्यांनी शेठच्या घरचा नंबर फिरवला. मी माझ्या पिशवीकडे बघू लागलो.

"झकास बसवलाय हो मॉडेम!" काकू म्हणाल्या. "आवाज इतका स्वच्छ, की एकेक शब्द कळला!"

त्या एका वाक्यावर माझं पोट आजवर भरतंय. काकूंचे हे उपकार मी एक दिवस फेडणार आहे. त्यांना गावी नेऊन आईच्या हातची नागलीची भाकरी खाऊ घालणार. फक्त त्या दिवशी आईने काही बोलायचं नाही. आणि मी तर आधीच पुरेसं बोललोय!