चार निळे आणि एक सुई

"रात्र काळी नसते काका, निळी राह्यते," असं म्हणत तो बोटांची लहानशी चौकट करायचा आणि तिच्यातून आमच्या गल्लीकडे बघायचा.

चिखलीत आमच्या वरच्या खोलीत तो तीन वर्षं भाड्याने राहिला. त्याची बायको आणि आठ वर्षांची मुलगी गावी, सोनाळ्याला. मोबाइलवरच्या खेळांसाठी तो रात्रीची चित्रं करायचा, बारीक चौकोनांची. आडवे तीनशे वीस, उभे एकशे ऐंशी, एका चौकोनात एकच रंग. मी जमीनमोजणीतला माणूस. एकूण सत्तावन्न हजार सहाशे होतात, हे मी पहिल्याच दिवशी सांगितलं.

"तुम्ही पयले माणूस, ज्यानं मोजले," तो म्हणाला. आमचं जमलं ते असं.

भर दुपारी खिडक्या लावून तो रात्र काढायचा. सगळी रात्र चार निळ्यांत बसवायची. चांदणं दाखवायला टिनाच्या छपराच्या कडेला फिकट निळ्याची एकच ओळ. "चांदणं सांडू नाही द्यायचं काका. कडेले ठेवायचं. बाकीचं पाहणारा भरते." प्रत्येक चित्र मला दाखवून विचारायचा, "रात्र वाटते ना?" मी हो म्हणायचो.

मग एका गिऱ्हाइकाने चित्र परत पाठवलं. ही रात्र नाही, संध्याकाळ आहे, असं त्याचं म्हणणं. "त्याले काय मालूम रात्र," असं म्हणून त्याने ते हसण्यावारी नेलं. पंधरा दिवसांनी दुसरं चित्र परत आलं. त्या दिवशी तो हसला नाही.

कोजागिरीला आमच्याकडे गच्चीवर दूध झालं की चांदण्यात सुई ओवायची पद्धत आहे. ओवली तर वर्षभर नजर चांगली, असं म्हणतात. माझ्या बायकोने पहिल्याच खेपेला ओवली आणि सुई त्याच्या हातात दिली.

"चांदण्याचे कारागीर तुम्ही. होऊन जाऊ द्या."

त्याने दोरा ओठांनी ओला केला. तीन खेपा झाल्या. "काकू, इले नेढंच नाही वो," तो म्हणाला आणि आम्ही हसलो. सातव्या खेपेनंतर कुणी हसलं नाही. अकराव्या खेपेला त्याने सुई ताटाच्या कडेला ठेवली. ताट कुठे आहे ते त्याने आधी बोटांनी पाहिलं. जिना उतरताना प्रत्येक पायरी पायाने चाचपत गेला. चांदणं इतकं लख्ख होतं की मला भिंतीवरच्या विटा मोजता आल्या असत्या.

सकाळी मी वर गेलो आणि त्याच्या चित्रांतल्या सगळ्यांत गडद निळ्याचे आकडे काढायला लावले. उजेड शंभरात किती, ते संगणक सांगतो. पहिल्या चित्रात बारा. सहाव्यात एकोणीस. परत आलेल्या शेवटच्या चित्रात एकतीस. त्याला दिसावं म्हणून त्याची रात्र महिन्यामहिन्याने उजळत चालली होती. आणि मी प्रत्येक वेळी हो म्हटलं होतं.

"मले मालूम आहे काका," तो पडद्याकडे बघतच म्हणाला. "डॉक्टरनं सांगतलं, इलाज नाही. आजाची नजर साठीत गेली. बाबाची शेहेचाळीसव्या वर्षी. मले तेहतीस चालू आहे."

मी मनात वजाबाकी केली. चौथा आकडा, त्याच्या मुलीचा, उच्चारला नाही. त्यानेही नाही.

दिवाळीआधी तो सोनाळ्याला निघून गेला. खोली अजून रिकामीच आहे. जाण्यापूर्वी आमच्या गच्चीचं एक चित्र त्याने केलं. जुन्या चित्रातले रंगांचे आकडे मी वाचत गेलो, तो नुसता भरत गेला. ती रात्र बरोबर काळोखी आली. ती बरोबर आली, हे मीच त्याला सांगितलं.

पुढच्या कोजागिरीला त्याचा फोन आला. आवाज मोकळा होता.

"काका, पोरीनं सुई ओवली. चांदण्यातच."

मी विचारायला नको होतं. पण सवय.

"कितव्या खेपेला?"



"पाचव्या," तो म्हणाला.

नऊ वर्षांच्या पोरीला पाच म्हणजे काही जास्त नाहीत, असं बायको म्हणते. मीही तेच म्हणतो.