मालकाची खुर्ची

माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीला सगळे पाठीमागे खुसपट म्हणतात. हे नाव मी ठेवलेलं नाही. मी ठेवलं असतं तर याहून वाईट ठेवलं असतं.

खुसपटं काढणं हा आधी तिचा स्वभाव होता, मग धंदा झाला. बावीस वर्षं ती एका छापखान्यात प्रुफं तपासायची. आमच्या लग्नाच्या पत्रिका वाटून झाल्यावर तिला त्यात सभागृहाचा पत्ता चुकलेला दिसला. दुसऱ्या एखाद्या बहिणीने चार फोन केले असते आणि विषय मिटवला असता. हिने दीडशे चिठ्ठ्या छापून घेतल्या, वर ठळक अक्षरांत 'चुकीची दुरुस्ती', आणि घरोघर पाठवल्या. पत्रिका छापून आणायचं काम माझ्याकडे होतं, हे सांगायला नकोच. लग्नात अर्धे पाहुणे मला 'काय हो चुकीची दुरुस्ती' म्हणून हाक मारत होते.

छापखाना बंद पडला तेव्हा ती शेहेचाळीस वर्षांची होती. आम्हाला वाटलं, आता बसेल घरी गप्प. पण तिने संगणकाचा वर्ग लावला, निम्म्या वयाच्या मुलांशेजारी बाकावर बसली आणि वर्ष-दीड वर्षात एका कंपनीत वेबसाइट तपासायच्या कामाला लागली. बनवणाऱ्याने कुठलं दार उघडं टाकलंय, कुणाची माहिती कुणाला दिसतेय, ते शोधायचं आणि लिहून द्यायचं. इतकी वर्षं फुकट करत होती त्याचा तिला पगार मिळायला लागला. तिच्या स्वतःच्या फ्लॅटच्या दाराला मात्र एकच कडी आहे, तीही ढिली. विचारलं तर म्हणते, "माझ्याकडे चोरण्यासारखं काय आहे? लोकांच्या चुका."

आणि मी वेबसाइट बनवतो. माझं चार माणसांचं छोटं ऑफिस आहे. साप आणि मुंगूस एकाच घरात का नांदत नाहीत, ते यावरून कळावं.

चार वर्षांपूर्वी एका शाळेच्या प्रवेशअर्जांची वेबसाइट मी केली होती. माझं तोवरचं सगळ्यात मोठं काम. एक दिवस मुख्याध्यापिकांनी बोलावून घेतलं आणि टेबलावरून एक कागद माझ्याकडे सरकवला. लिंकच्या शेवटी जो आकडा असतो तो एकाने वाढवला की दुसऱ्याच्या मुलाचा अर्ज उघडतो, फोटो आणि पत्त्यासकट, असं त्यात लिहिलं होतं. खाली सही खुसपटची. काम गेलं. चूक होती, नाही म्हणत नाही. पण घरातल्या माणसाने घरातल्या माणसाला आधी सांगायचं असतं की परस्पर तिसऱ्याच्या दारात जाऊन बोंब मारायची असते? त्या दिवसापासून मी तिच्याशी बोलणं टाकलं. निरोप असला तर बायको इकडून तिकडे न्यायची. तिच्या मेल तर मी त्याच्याही आधीपासून वाचत नव्हतो. माझ्या जाहिरातीतल्या शुद्धलेखनाच्या चुका ती कळवायची, त्याला कंटाळून मी तिच्या सगळ्या मेल आपोआप 'नंतर' नावाच्या एका फोल्डरमध्ये जातील अशी सोय करून ठेवली होती. त्या फोल्डरची वेळ कधी आली नाही.

तर अशा बाईच्या डोक्यात परिषद भरवायचं आलं. वेबसाइटची सुरक्षा या विषयावर, आमच्या एवढ्याशा शहरात. एक रविवार, सहा भाषणं, वाचनालयाचं सभागृह. पहिल्या वर्षी ग्रंथपालांनी विचारलं, "म्हणजे ते हॅकर लोक येणार का इथे?" आणि दोन दिवस आधी पुस्तकांच्या कपाटांना नवी कुलपं लावून घेतली. एका कंपनीने जेवण देऊ केलं होतं, बदल्यात त्यांच्या मालाची अर्धा तास स्तुती. खुसपटने त्यांचं पत्रक तपासून, लाल शाईने सतरा चुका दाखवून परत पाठवलं. जेवण गेलं. आलेल्या चाळीस माणसांनी आपापले डबे खाल्ले.

तिचे नियम तीन. एखाद्या वेबसाइटमधला दोष मंचावर दाखवायचा असेल तर मालकाला आधी लेखी कळवायचं आणि नव्वद दिवस थांबायचं. मंचावर दोष दाखवायचा, दोष करणारा दाखवायचा नाही. आणि पहिल्या रांगेत एक खुर्ची त्या मालकासाठी मोकळी ठेवायची, तिच्या पाठीला 'मालक' असा कागद लावून. भाषणातली शेवटची पाच मिनिटं त्याची. दोन वर्षांत एकही मालक आला नाही. कोण कशाला येईल स्वतःचं हसं करून घ्यायला? तरी खुसपट ती पाच मिनिटं कापत नसे. घड्याळ हातात धरून मंचावर बसून राहायची, आणि सगळं सभागृह रिकाम्या खुर्चीकडे बघत बसायचं. मला हे ऐकून हसू यायचं. माझ्या मते हे सगळं नाकाने कांदे सोलणं होतं.

तिसऱ्या वर्षी बायको माझ्या मागे लागली. "नावनोंदणीचा फॉर्म तरी करून दे तिला. तुला तासाचं काम. चार वर्षं झाली, पुरे की आता."

मी हो म्हटलं. बायकोला घ्यायला म्हणून एका संध्याकाळी खुसपटकडे गेलो, तर स्वयंपाकघरात एक तिशी-पस्तिशीची बाई बसलेली. शहरातल्या एका मोठ्या दवाखान्यात नोंदणीच्या खिडकीवर कारकून. दवाखान्याच्या वेबसाइटवर कुणाचाही तपासणीचा रिपोर्ट कुणालाही उघडता येतो, हे तिच्या लक्षात आलं होतं. तिने व्यवस्थापकांना तीनदा सांगितलं, एकदा तर त्यांच्याच संगणकावर आकडा बदलून दाखवलं. ते म्हणाले, तुम्ही खिडकी सांभाळा. नियमाप्रमाणे खुसपटने दवाखान्याला पत्र पाठवलं होतं, आणि आता ही बाई परिषदेत बोलणार होती, पण नाव न सांगता. घरात अंथरुणाला खिळलेली आई, शाळेत जाणारी मुलगी, आणि कमावणारी ही एकटी.

"माझं नाव कळलं तर दुसऱ्या दिवशी बाहेर काढतील मला," ती म्हणाली.

"तुझं नाव कुठेही उमटणार नाही," खुसपट म्हणाली. "हा माझा शब्द आहे."

मी दारात चपला घालून उभा होतो. हे दोन्ही मी माझ्या कानांनी ऐकलं.

फॉर्म मी एका तासात केला. खरं सांगायचं तर पाऊण तासात. नवा कोण लिहितो? आमच्या धंद्यात जुनं उचलायचं, वरचं नाव बदलायचं आणि द्यायचं. मी शाळेचा जुना अर्ज उचलला. पालकांनी नाव आणि नोकरीचं ठिकाण भरणं सक्तीचं, ते तसंच राहिलं; बोलणाऱ्यांनीही हाच फॉर्म भरायचा म्हणून भाषणाच्या विषयाचा एक रकाना तेवढा वाढवला. 'आपली माहिती गुप्त राहील' ही ओळ राहिली. आणि लिंकच्या शेवटचा आकडाही राहिला. शाळेचं काम गेलं तेव्हा रागाच्या भरात मी तो दोष दुरुस्तच केला नव्हता. ज्यांनी काम काढून घेतलं त्यांच्यासाठी कशाला हात काळे करू?

परिषदेच्या अकरा दिवस आधी जेवताना बायकोने विचारलं, "ताईने फॉर्मबद्दल मेल पाठवलीय म्हणे. बघितलीस?"

"बघितली."

"आणि?"

"केलं दुरुस्त म्हणून सांग तिला." म्हटलं, एखादी मात्रा चुकली असेल, तिच्यासाठी घास कोण सोडतो? मी आमटी वाढून घेतली.

परिषदेच्या दिवशी सकाळी आठ वाजता मी सभागृहात खुर्च्या लावत होतो. बायको नोंदणीच्या टेबलावर होती. तेवढ्यात ती कारकून बाई आत आली. केस नीट विंचरलेले, हातात एक पाकीट आणि एक घडी केलेला कागद. ती सरळ खुसपटसमोर जाऊन उभी राहिली आणि कागद उलगडून धरला. माझा फॉर्म होता. तिचं नाव, दवाखान्याचं नाव, भाषणाचा विषय, सगळं स्वच्छ छापलेलं.

"व्यवस्थापकांनीही नाव नोंदवलं होतं तुमच्याकडे," ती म्हणाली. "त्यांच्या लिंकला एकसष्ट नंबर होता. त्यांनी साठ केला, एकोणसाठ केला. चोपन्नवर मी सापडले. काल संध्याकाळी मला बोलावून म्हणाले, आकडा कसा बदलायचा ते तुम्हीच तर शिकवलंत."

पाकिटात काय आहे ते कुणी विचारलं नाही.

खुसपटने तो कागद दोनदा वाचला. मग मान वर करून माझ्याकडे बघितलं आणि चार वर्षांत पहिल्यांदा माझ्याशी थेट बोलली. "मेल बघितली होतीत ना?"

मी फोन घेऊन जिन्यात गेलो आणि 'नंतर' उघडलं. सगळ्यात वर अकरा दिवसांपूर्वीची मेल. 'लिंकमधला आकडा बदलला की दुसऱ्याचा फॉर्म दिसतो. आज बंद करा. एका बाईची नोकरी यावर आहे.' एवढंच. मी खाली सरकत गेलो. चार वर्षांपूर्वीच्या तीन मेल होत्या, दीड-दीड महिन्याच्या अंतराने. शाळेच्या अर्जाबद्दल. पहिलीत लिहिलं होतं, 'शाळेला मी काहीही सांगितलेलं नाही. तुम्ही दुरुस्त करा, कुणाला कळायची गरज नाही.' तिसरीत लिहिलं होतं, 'नव्वद दिवस झाले. आत लहान मुलांचे पत्ते आहेत. आता मला शाळेला सांगावं लागेल.'

चार वर्षं मी घरात, ऑफिसात, सोयऱ्याधायऱ्यांत सांगत फिरलो होतो की हिने मला न सांगता माझं काम घालवलं. तिचा राग अजून येत होता, तो ठेवायला मात्र कुठे जागा उरली नव्हती.

दहा वाजता सभागृह भरलं. खुसपट मंचावर गेली. पहिल्या रांगेत आज दोन खुर्च्या होत्या, दोन्हींच्या पाठीला 'मालक'.

"पहिलं भाषण माझं," ती म्हणाली. "या परिषदेच्याच फॉर्ममध्ये एक दोष होता. त्यामुळे काल एका बाईची नोकरी गेली." आकडा बदलल्यावर काय होतं ते तिने पडद्यावर खोटी नावं टाकून दाखवलं. "अकरा दिवसांपूर्वी मला सांगण्यात आलं की हे दुरुस्त झालंय. मी तपासलं नाही. माझ्या घरचं माणूस म्हणालं होतं, दर वेळी काय तपासतेस, एकदा तरी विश्वास ठेव. मी ठेवला. परिषद माझी, तेव्हा चूक माझी. शेवटची पाच मिनिटं मालकाची."

मंचावरच्या खुर्चीत बसून तिने घड्याळ हातात धरलं.

मी मागे चहाच्या पिंपाजवळ उभा होतो. तिथून खुर्ची पंधरा पावलांवर होती. बायकोने नोंदणीच्या टेबलावरून वळून माझ्याकडे बघितलं. विश्वास ठेव म्हणणारी तीच होती, आणि 'बघितली' म्हणणारा मी. साठ माणसं खोकत नव्हती की कुजबुजत नव्हती. एक मिनिट झालं. दोन झाली. मी पेल्यांची रांग सरळ केली. तिसऱ्या मिनिटाला मी एक पाऊल टाकलं आणि ते पिंपाच्या दुसऱ्या बाजूला टाकलं. पाच मिनिटं संपली, खुसपट उठली, दुसरं भाषण सुरू झालं. मी भित्रा आहे हे मला त्याआधी माहीत नव्हतं.

दुसरं भाषण त्या कारकून बाईचं. तिने सुरुवातीलाच स्वतःचं नाव सांगितलं. "आता लपवून काय करू?" म्हणाली, आणि वीस मिनिटं कागदाकडे न बघता बोलली. दवाखान्याच्या मालकाची खुर्चीही पाच मिनिटं रिकामीच राहिली.

मधल्या सुट्टीत ती चहाला माझ्याकडे आली. मी पेला भरला.

"तुम्ही त्यांचे नातेवाईक ना?" तिने विचारलं. "त्यांना सांगा, मला पुन्हा फोन करू नका म्हणावं. शब्द दिला होता मला त्यांनी. असल्या बाईचं तोंड बघायची इच्छा नाही."

चार वर्षं मी वाट बघत होतो, की खुसपटबद्दल कुणीतरी माझ्याइतकं कडू बोलावं.

"साखर किती?" मी विचारलं.

"नको."

ती पेला घेऊन खिडकीकडे गेली. खुसपट हाताच्या अंतरावर उभी होती, तिने सगळं ऐकलं होतं. मला वाटलं आता फाडून खाईल मला. खाल्लं असतं तर बरं झालं असतं. बाईला हाक मारून 'तो फॉर्म याचा' म्हणाली असती तरी मी मान खाली घालून उभा राहिलो असतो. पण दोष करणारा दाखवायचा नाही, हा तिचा नियम. मला खुसपट तेव्हाही आवडली नाही. आजही आवडत नाही.

"जावईबुवा," ती म्हणाली, "तो फॉर्म अजून उघडाच आहे. आधी बंद करा."

मी ग्रंथपालांच्या टेबलावर लॅपटॉप उघडला. दोन ओळींचं काम होतं. चार वर्षं ते दोन ओळींचंच होतं. परत येऊन मी तिला म्हटलं, "ताई, बंद केलाय."

तिने पिशवीतून फोन काढला आणि माझ्यासमोर उभी राहून एकेक आकडा बदलत तपासायला लागली.