वाहनचालक मिळावा

शाळेतला तो संगणक आठवला की अजून माझ्या तोंडाची चव जाते.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. परतूरकडच्या एका शाळेत मी संगणकाचा तात्पुरता शिक्षक होतो. एकच मशीन, त्यावर फुलाफुलांचं कापड, आणि खोलीत शिरताना चपला बाहेर. चार वर्षं दर जूनला मी नव्यानं हात जोडायचो. त्या साली संस्थेचे अध्यक्ष म्हणाले, "सर, तपासणीला सायबासमोर ती विज्ञानाची सीडी चालवून दाखवा. तुमचं काम बिलकुल पक्कं करून टाकतो." आता कायम होणार, या एका गोष्टीवर माझी झोप उडाली.

नेमकी तेव्हाच मशीन व्हायरसनं बसली. मी सगळं पुसून नव्यानं भरलं, तर सीडीचा खणच मशीनला दिसेना. ट्रे बाहेर यायचा, आत जायचा, दिवा लुकलुकायचा, पण पडद्यावर खणाचा पत्ता नाही. त्याला ड्रायव्हर लागतो. म्हणजे त्या खणाशी कसं बोलायचं हे मशीनला सांगणारा छोटासा प्रोग्रॅम. तो कंपनीनं कशावर दिलेला? सीडीवर. सीडी वाचायला ड्रायव्हर पाहिजे, आणि ड्रायव्हर सीडीच्या आत! ज्याच्या डोक्यातून हे निघालं तो समोर असता तर मी त्याला चांगलं सुनावलं असतं.

शेवटी अर्ज लिहिला: 'ड्रायव्हर नसल्याने संगणकावर सीडी चालत नाही, तरी ड्रायव्हर मिळावा.' आमचे हेडक्लार्क शासकीय मराठीचे कट्टर. इंग्रजी शब्द दिसला की त्यांचे हात शिवशिवायचे. त्यांनी मला न विचारता 'ड्रायव्हर' खोडून 'वाहनचालक' केलं, शिक्का हाणला आणि कागद वर पाठवला. मी भांडायला गेलो, तर खिडकीतून पानाची पिंक टाकून म्हणाले, "टपाल कालच गेल्तं सर. अन् अर्थ कुठं बदलला? ड्रायव्हर म्हंजे चालकच की." खिडकीखालची ती लाल भिंत बघून मी परत फिरलो.

वरून काही येत नसतं. मी रजा टाकून औरंगाबादला गेलो, एका दुकानदाराच्या हातापाया पडलो आणि ड्रायव्हर फ्लॉपीवर उतरवून आणला.

तपासणीच्या दिवशी सीडी चालली. पडद्यावर माणसाचं हृदय धडधडायला लागलं, आठवीच्या पोरी बाकांवर चढून पाहत होत्या. साहेबांनी बशीतला चहा संपवला आणि फायलीतला तो अर्ज काढला.

"शाळेला गाडी न्हाई, मंग वाहनचालक कशाला?"

मी समजावायला पुढे झालो. अध्यक्षांनी हातानंच मला गप्प केलं. साहेबांनी 'वाहन' खोडलं, वर 'संगणक' लिहिलं. "संगणकचालक. आता बराबर झालं."

दोन महिन्यांत पद मंजूर होऊन आलं. एका मशीनमागं एकच माणूस, आणि चालक मिळाल्यावर शिक्षक कशाला ठेवायचा? त्या पदाला ना पदवी लागत होती ना अनुभव. अध्यक्षांचा मेव्हणा घरीच बसून होता.

माझ्या शेवटच्या दिवशी तो चपला घालूनच खोलीत आला आणि माझ्या खुर्चीत टेकला. "सर, जल्दी दाखवा बरं, हे सुरू कुठून होतं?"

अध्यक्षांचा, साहेबांचा, त्या पान खाणाऱ्याचा राग केव्हाच विझला. किळस येते ती माझी. अध्यक्ष दारात उभे होते आणि मला वाटत होतं, अजून काहीतरी जमेल. म्हणून मी वाकलो, बटण दाखवलं आणि म्हणालो, "इथून, साहेब."