शनिवारचा हॉल आणि शैला काकूंची फुगडी

“मी कावळा होणार नाही,” सबनीस काका म्हणाले.

माइक माझ्या हातात होता आणि चालू होता, त्यामुळे हे वाक्य हॉलभर ऐकू गेलं. सबनीस काका आमच्या इथल्या मराठी मंडळाचे अध्यक्ष. अध्यक्षांनी हात मागे बांधले म्हटल्यावर त्यांच्या शेजारच्या रांगेनेही हात मागे बांधले. स्टेजवर आमचा वादक वॉल्टर फिडल, म्हणजे व्हायोलिनच, हनुवटीखाली धरून थांबला होता. दारात माझी बॉस जॅनिस उभी होती. हा कार्यक्रम चालू ठेवण्यासारखा आहे का, ते बघायला ती आली होती.

मी अमेरिकेत मॉरिसव्हिलजवळच्या एका कम्युनिटी सेंटरमध्ये डान्स इन्स्ट्रक्टर आहे. महिन्यातल्या एका शनिवारी आमच्याकडे कॉन्ट्रा डान्स होतो आणि मी त्याची कॉलर आहे. कॉन्ट्रा डान्स हे इथलं जुनं लोकनृत्य. दोन लांब रांगा समोरासमोर, समोरचा तो तुमचा पार्टनर. वादक खरेखुरे, समोर बसलेले. पुढची हालचाल काय ते कॉलरने जरा आधी माइकवर सांगायचं आणि लोकांनी ती ठेक्यावर करायची. एक फेरी झाली की जोडी पुढे सरकते आणि तिच्यासमोर नवी जोडी येते. थोडक्यात, मोठ्या माणसांनी कधी कुठे वळायचं हे सांगण्याचा मला पगार मिळतो. मराठी बाईला यापेक्षा मनासारखी नोकरी कुठे मिळणार?

तर, महिन्याभरापूर्वी जॅनिसने मला केबिनमध्ये बोलावलं होतं. “मेघना, शनिवारचा हॉल पिकलबॉलवाले मागताहेत,” ती म्हणाली. “तुझ्या डान्सला तेच ते लोक येतात आणि त्यातलेही कमी होताहेत. नवीन लोक आण. नाहीतर मला हॉल द्यावा लागेल.”

पिकलबॉल म्हणजे छोट्या कोर्टवरचा टेनिससारखा खेळ, आणि अमेरिकेत सध्या पिकलबॉलवाल्यांनी काही मागितलं आणि त्यांना मिळालं नाही, असं सहसा होत नाही.

मी हे वॉल्टरला सांगितलं. हा डान्स त्यानेच सुरू केला, तरुण असताना. आता बायको गेली, मुलं दूरच्या राज्यात. त्याने फिडलच्या तारा पुसल्या. मग म्हणाला, “हॉल गेला तर मी हे केसमध्ये ठेवून देईन. घरी कोणासाठी वाजवू?” मला फार वाईट वाटलं. वाईट वाटलं की मी हमखास काहीतरी आगाऊपणा करते. त्याच दिवशी सबनीस काकांना फोन लावला आणि मंडळासाठी खास वर्कशॉप ठेवलं.

मंडळाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर निरोप गेला, ‘पाश्चात्य लोकनृत्य कार्यशाळा व अल्पोपाहार’. लोक भरपूर आले. पाश्चात्य लोकनृत्यासाठी नेमके किती आले, ते विचारायचं धाडस मी केलं नाही.

वर्कशॉपची पद्धत अशी असते की आधी संगीताशिवाय सगळ्या हालचाली चालून दाखवायच्या. आमच्या मंडळाची पद्धत अशी की आधी दीपप्रज्वलन. हॉलमध्ये आग पेटवायला बंदी, म्हणून बॅटरीवरची मेणबत्ती आणली होती. तिचं बटण अध्यक्षांच्या हस्ते दाबलं गेलं. मग मनोगत. मग वादकांचा सत्कार. वॉल्टरला शाल आणि पियानोवाल्या डॉटीला नारळ. शाल कधी काढायची असते हे वॉल्टरला माहीत नव्हतं आणि अपमान नको म्हणून त्याने ती काढलीच नाही. डॉटीने नारळ हलवून बघितला, कानाला लावला आणि “हे कधी वाजवायचं?” असं मला हळूच विचारलं.

त्यानंतर माझी चूक. कॉन्ट्रा डान्समध्ये जोडीतल्या दोघांना वेगवेगळी नावं असतात. पूर्वी ती सरळ पुरुष आणि बाई अशी होती. आता कोणीही कुठलीही बाजू घ्यावी म्हणून बऱ्याच ठिकाणी पक्ष्यांची नावं वापरतात, लार्क आणि रॉबिन. लार्क डावीकडे, रॉबिन उजवीकडे. मला वाटलं, आपल्या लोकांना आपले पक्षी द्यावेत. मी मोठ्या उत्साहाने जाहीर केलं, “डावीकडचे सगळे कावळे, उजवीकडच्या सगळ्या चिमण्या!”

“अगं, कावळा कधी बोलावतात तुला माहीत आहे ना?” सबनीस काका म्हणाले. “गेल्याच महिन्यात माझ्या वडिलांचं वर्षश्राद्ध झालं. आणि आज मीच कावळा?”

“काका, नुसतं नाव आहे हो.”

“मग दुसरं दे. मोर दे.”

मी मोर दिला. झालं, चिमण्यांनाही मोर व्हायचं होतं. पाचच मिनिटांत हॉलमध्ये सगळे मोर होते आणि ते सगळे डावीकडे उभे होते. दारातल्या जॅनिसने घड्याळात बघितलं.

शेवटी मी अल्पोपाहाराच्या टेबलावरचे पेपर नॅपकिन आणले आणि निम्म्या लोकांच्या मनगटाला बांधले. नॅपकिनवाले आणि बिननॅपकिनवाले. दोन वर्षं कॉलिंग शिकले, वर्कशॉप केली, त्याचं हे फलित.

“आता दर डान्सला नवा पार्टनर घ्यायचा,” मी सांगितलं. “ही इथली रीत आहे.”

रांगेतला प्रत्येक नवरा आपल्या बायकोकडे बघू लागला आणि प्रत्येक बायको अल्पोपाहाराकडे. कोणी हलेना. तेवढ्यात शैला काकू पुढे आल्या. शैला काकू नागपूरच्या, बँकेतून मॅनेजर म्हणून रिटायर झालेल्या, लेकीकडे राहायला आलेल्या. “त्यात काय एवढं?” त्या म्हणाल्या. “बायका बायकांबरोबर, पुरुष पुरुषांबरोबर. चला.” सगळे हलले. बाईबरोबर बाईने नाचावं की नाही यावर इथल्या डान्सवाल्यांनी वर्षानुवर्षं मीटिंगा घेतल्या आहेत. आमच्या काकूंनी तो प्रश्न सोडवला आणि आपण काही सोडवलं हे त्यांना कळलंही नाही.

मी शेवटचा नियम सांगितला. “बाजूला कोणी एकटं उभं असेल तर त्याला हात धरून आत घ्यायचं. कॉन्ट्रामध्ये कोणाला बाहेर ठेवत नाहीत.” याला सगळ्यांनी मान डोलावली.

वॉल्टरने शालीतून हात बाहेर काढून फिडलचा गज, म्हणजे बो, उचलला आणि वाजवायला सुरुवात केली. पहिली फेरी बरी गेली. पुढे जा, मागे या, हात धरून गोल. मग आला स्विंग. स्विंग म्हणजे पार्टनरला धरून जागच्या जागी गरगर फिरायचं, अंगाचा थोडा भार एकमेकांवर टाकायचा आणि आठ ठोके झाले की सोडून पुढच्या हालचालीला लागायचं.

“अगं बाई, ही तर फुगडी!” शैला काकू ओरडल्या.

त्यांनी समोरच्या बाईचे हात अडकवून धरले, पाय जुळवले, अंग मागे टाकलं आणि सुरू झाल्या. त्यांचं बघून शेजारची जोडी, तिचं बघून पुढची. आता फुगडी काही आठ ठोक्यांनी संपत नसते. एकीने ‘बास गं’ म्हटल्याशिवाय ती संपत नाही आणि मंगळागौरी गाजवलेल्या बायकांमध्ये ‘बास’ आधी कोण म्हणणार? मी माइकवर “सोडा! पुढच्या जोडीकडे!” म्हणून ओरडत होते. कोणी ऐकत नव्हतं. पुरुषांनाही चेव चढला. सबनीस काका खजिनदारांबरोबर फुगडी घालत होते. मदतीला आलेले आमचे नेहमीचे अमेरिकन लोक पुढची जोडी आपल्याकडे कधी येते याची वाट बघत हात पुढे करून उभे होते.

कॉलरकडे यावर एक उपाय असतो. वादकांना एक बोट दाखवायचं, म्हणजे ही शेवटची फेरी, इथे थांबा. मी बोट दाखवलं. डॉटीने बघितलं. वॉल्टरने बघितलं आणि नजर फिरवून परत नाचणाऱ्यांकडे लावली. त्याने वेग वाढवला. इतक्या वर्षांत त्याने माझ्या बोटाचा इशारा कधी मोडला नव्हता. मी रागाने त्याच्याकडे गेले. तो हसत होता. शाल खांद्यावरून घसरली होती. डोळ्यांत पाणी होतं आणि बो थांबत नव्हता. मी बोट खाली घेतलं.

तेवढ्यात शैला काकूंची पार्टनर दमून बसली. काकूंनी इकडेतिकडे बघितलं. दारात कोण एकटं उभं होतं? जॅनिस. माझ्या सगळ्या शिकवणीतला एवढा एकच नियम त्या संध्याकाळी पाळला गेला.

“कम, कम! नो टेन्शन!” काकूंनी तिला हात धरून आत ओढलं.

“ओह, नो, आय डोन्ट…” एवढंच जॅनिस बोलू शकली. पुढचं सगळं किंकाळीत गेलं. उंच, काटेकोर, ऑफिसच्या सँडल घातलेली माझी बॉस गरगर फिरत होती. एक सँडल उडून स्टेजपाशी आली. मी ती उचलून हातात धरून उभी राहिले. सोमवारपासून आपल्याला काय काम शोधावं लागेल याचा विचार करत होते. घरच्या नोकरीचा अनुभव भरपूर आहे, पण तिथे पगार नाही.

जॅनिसच ‘बास’ म्हणाली, अर्थात इंग्रजीत. ती खुर्चीवर बसली. काकूंनी तिला पाणी दिलं आणि न विचारता प्लेटभर चिवडा. जॅनिसने तो संपवला. माझ्या हातून सँडल घेतली आणि ती पायात चढवून निघून गेली.

सोमवारी केबिनमध्ये बोलावणं आलं. वॉल्टरचा सकाळपासून तिसरा मेसेज फोनवर पडला होता, ‘काही कळलं का?’ मी फोन खिशात टाकून आत गेले.

“मला दोन दिवस चक्कर येत होती,” जॅनिस म्हणाली.

“सॉरी, जॅनिस.”

“लहानपणानंतर मी इतकी हसले नव्हते.” तिने कॅलेंडर पुढे ओढलं. “हॉल ठेव. पिकलबॉलवाल्यांना मी रविवार देते. पण एक अट आहे. ती स्पिनिंगवाली लेडी तुझ्याबरोबर शिकवायला हवी. लोक तुझं ऐकत नाहीत, मेघना. राग मानू नकोस, पण मी स्वतः बघितलं.”

राग मानायचं काही कारण नव्हतं. मी तिच्यासमोरच काकूंना फोन लावला आणि स्पीकर चालू केला. मराठीतच विचारलं, “काकू, दर महिन्याला माझ्याबरोबर डान्स शिकवायला याल का?”

“येईन की, मजा येते,” काकू म्हणाल्या. “पण शिकवायचं काय असतं गं त्यात? धरायचं आणि फिरायचं!”

“व्हॉट डिड शी से?” जॅनिसने विचारलं.

माझ्या या धंद्यात शिकलेल्या सगळ्या गोष्टींपैकी एवढीच शेवटपर्यंत उपयोगी पडली आहे की सगळंच सगळ्यांना मोठ्याने सांगायचं नसतं.

“शी सेड यस,” मी म्हणाले, आणि वॉल्टरला मेसेज टाकला.