गोळीच्या मागे माती

आम्ही जपानात सेंदाईला राहायला आलो तेव्हा माझ्या सासूबाईंना एका गोष्टीचं फार समाधान होतं. त्या देशात बंदुका नसतात, असं त्यांनी कुठेतरी ऐकलं होतं आणि सांगलीत भेटेल त्याला त्या ते सांगत. मुलगा विद्यापीठात धातूंवर संशोधन करतो, सून तिथल्याच दुसऱ्या प्रयोगशाळेत आठवड्यातून तीन दिवस जाते, नात तिसरीत आहे, आणि बंदुका नाहीत. त्यामुळे मी बंदुकीच्या नियमांसाठी चाललेल्या आयांच्या चळवळीत आहे, हे मी त्यांना बरेच दिवस कळवलंच नव्हतं.

चळवळ सुरू झाली ती अस्वलांमुळे. आमची वस्ती शहराच्या टोकाला, डोंगराला टेकून आहे. दसरा-दिवाळीच्या सुमाराला तिथली अस्वलं खायला शोधत खाली उतरतात. म्हणून मुलांच्या दप्तरांना घंट्या बांधलेल्या असतात. अस्वलाला त्या लांबून ऐकू याव्यात आणि त्याने आपली वाट धरावी, हा हेतू. सकाळी मुलांची रांग शाळेला निघाली की पोळ्याची मिरवणूक चालल्यासारखं वाटतं.

त्या वर्षी कायदा बदलला. आधी भर वस्तीत गोळी झाडायला जवळजवळ बंदीच होती. आता अस्वल घरांमध्ये शिरलं आणि दुसरा इलाजच उरला नाही, तर महापालिकेच्या परवानगीने शिकाऱ्याला तिथल्या तिथे गोळी झाडता येणार होती. ही बातमी आमच्याकडे घरोघर फिरणाऱ्या सूचनांच्या फायलीतून आली. ही फाईल आपण वाचायची, सहीच्या जागी आपल्या नावाचा शिक्का मारायचा आणि शेजारच्या दाराला अडकवायची. मी बहुतेक वेळा न वाचताच शिक्का मारते. त्या दिवशीही मारला आणि शेजारी अडकवायला गेले, तर शेजारणीने दार उघडून मला तिथेच धरलं. सूचना वाचली का, असं तिने विचारलं. शिक्का ताजा होता, त्यामुळे हो म्हणणं भाग पडलं.

ही शेजारीण तीन मुलांची आई, सकाळी एका बेकरीत काम करते, आणि पुढे आमची अध्यक्ष झाली. तिचं म्हणणं साधं होतं. अस्वल दिसलं तर काय करायचं हे मुलांना शाळेत शिकवलंय. बंदूक दिसली तर काय करायचं हे कुणीच शिकवलेलं नाही.

पहिल्या बैठकीला आम्ही सात आया होतो. इथे आयांना आपसांत स्वतःचं नाव नसतं. मुलीचं नाव घ्यायचं आणि पुढे 'मामा' लावायचं, की झाली आई. मला पहिल्यांदा कुणीतरी तशी हाक मारली तेव्हा माझा भाऊ न कळवता जपानला आला की काय, म्हणून मी मागे वळून पाहिलं होतं. तर अशा आम्ही सात मामा. पहिला तास दुसरी बैठक कधी घ्यायची हे ठरवण्यात गेला. मग कामं वाटायला दगड-कात्री-कागद खेळलो. मोठ्या बायका, सगळ्या गंभीर चेहऱ्याने. मी सलग तीनदा हरले आणि माझ्याकडे आमच्या मागण्या इंग्रजीत आणि सोप्या जपानीत लिहायचं काम आलं. सोपं जपानी म्हणजे परदेशी लोकांना आणि लहान मुलांना कळेल असं. मला ते नीट जमेल का, अशी शंका मी काढली, तर अध्यक्षबाई अतिशय प्रेमाने म्हणाल्या की माझं जपानी मुळातच सोपं आहे.

तीन बैठकांत नऊ मागण्या तयार झाल्या. गोळी झाडण्याआधी शाळेला फोन जावा. मुलं रस्त्यावर असतील त्या वेळात बंदूक बाहेर निघू नये. इमारतीतल्या लोकांनी खिडकीपासून लांब राहावं. सगळं संपलं की 'संपलं' अशी घोषणा व्हावी, नाहीतर आम्ही संध्याकाळपर्यंत घरात बसून राहू. यादी छान टाइप केली, कोपऱ्यात एका मामाने अस्वलाचं चित्र काढलं. ते जरा जास्तच गोड झालं होतं, त्यावर अर्धा तास चर्चा झाली.

मग कुणीतरी म्हणालं, ज्यांच्या हातात बंदूक असणार त्यांना यादी दाखवायला नको का? आमच्या भागात परवान्याची बंदूक असलेले एकच गृहस्थ उरले होते. वय अठ्ठ्याहत्तर, डोंगराच्या पायथ्याशी भाजीचा मळा. सगळे त्यांना आजोबाच म्हणत. आम्ही त्यांना जरा घाबरूनच बोलावलं. शिकारी माणूस, आपल्या यादीवर चिडेल, म्हणून अध्यक्षबाईंनी शांत राहण्याची वाक्यंसुद्धा लिहून आणली होती. आजोबा आले ते मळ्यातले सात मुळे घेऊन, प्रत्येकीला एक. चष्मा लावून त्यांनी यादी दोनदा वाचली, खिशातून लाल पेन काढलं आणि म्हणाले, "ही फार ढिली आहे."

ढिली म्हटल्यावर काय बोलायचं, हे अध्यक्षबाईंच्या कागदावर नव्हतं.

आजोबांनी विचारलं की गोळी सुटली आणि अस्वलाला लागलीच नाही, तर ती कुठे जाऊन थांबेल. आमच्यापैकी कुणी यावर विचारच केला नव्हता. आमच्या डोक्यात गोळी म्हणजे अस्वलापर्यंतच जाणारी वस्तू होती. ते म्हणाले, "गोळीच्या मागे माती हवी. भिंत चालत नाही, डांबर चालत नाही. मऊ माती, आणि तीही उंच."

पुढच्या शनिवारी त्यांनी आम्हाला सगळ्या वस्तीतून फिरवलं. प्रत्येक कोपऱ्यावर थांबायचं, अस्वल इथे आहे असं समजायचं आणि त्याच्या मागे काय आहे ते सांगायचं. मागे सायकलींची शेड असायची, दवाखाना असायचा, कुणाचा तरी दिवाणखाना असायचा. आमच्यातली एक आई दातांच्या दवाखान्यात स्वागतकक्षात बसते. बैठकांत ती सगळ्यांत गप्प. अशा प्रत्येक जागी तिने वस्तीच्या नकाशावर फुली मारली. चार तासांनी नकाशा फुल्यांनी भरला आणि वर्तुळं फक्त दोन उरली. एक बागेमागचा मातीचा उतार आणि दुसरा ओढ्याकाठचा बांध. आजोबा म्हणाले, या दोन जागा सोडून मी कुठेही गोळी झाडणार नाही, महापौरांनी सांगितलं तरी.

आम्हाला आनंद व्हायला हवा होता. बंदुकीवर लगाम हवा म्हणूनच तर आम्ही जमलो होतो. पण परतताना एकेकीचा आवाज बदलायला लागला. मग अस्वल शाळेच्या फाटकाशी आलं तर? बसथांब्यावर आलं तर? अध्यक्षबाईंनी फार आडवळणाने विचारलं की अगदीच गरज पडली, तर आजोबा थोडं इकडेतिकडे करू शकतील का. आजोबा म्हणाले की त्यापेक्षा झाडांवरची पर्सिमनं उतरवा. अस्वलं तुम्हाला भेटायला येत नाहीत, ती फळं खायला येतात.

आम्ही मान डोलावली आणि तो मुद्दा पुढच्या बैठकीत घ्यायचं ठरवलं. बैठकीआधी अस्वलच आलं.

मंगळवार होता, दुपारचे दोन. आमच्या इमारतीसमोर एक रिकामं घर आहे आणि त्याच्या अंगणात पर्सिमनचं जुनं झाड, पिकलेल्या फळांनी केशरी झालेलं. अस्वल त्याच्यावर चढून बसलं होतं. मामांच्या ग्रुपवर निरोपांचा पाऊस पडला. शाळेने मुलांना वर्गातच ठेवलंय, हे पहिल्या पाच मिनिटांत कळलं आणि माझा जीव भांड्यात पडला. त्यानंतर मी जे केलं ते सांगायला मला आजही लाज वाटते. मी तिसऱ्या मजल्यावरच्या स्वयंपाकघराची खिडकी उघडली आणि मोबाईलवर व्हिडिओ घ्यायला लागले. नवऱ्याला फोन करून सांगितलं, तर तो प्रयोगशाळेतून म्हणाला, मोबाईल आडवा धर.

पोलीस आले, महापालिकेची माणसं आली, रस्ता बंद केला. मागोमाग भडक केशरी जाकीट घातलेले आजोबा आले. बंदूक खोळीतच होती. ग्रुपवर सगळ्याजणी विचारत होत्या, आजोबा कुठे पोचले, सुरुवात कधी करणार. बंदुकीला लगाम घालायला निघालेल्या आम्ही सातही जणी पडद्याआडून बंदुकीची वाट पाहत होतो. आजोबा मात्र झाडाकडे पाहत, मग इकडे सरकत, मग तिकडे. दहा मिनिटं गेली. मला राग यायला लागला. एवढं मोठं जनावर समोर निवांत बसलंय, आणि हे नुसते येरझाऱ्या घालताहेत.

मग त्यांनी मान वर केली आणि थेट माझ्याकडे पाहिलं. ते ओरडले नाहीत. तळहात पालथा करून त्यांनी दोनदा खाली दाबल्यासारखा हलवला. आत जा, खाली बस. तेव्हा माझ्या लक्षात आलं. आजोबा, झाड, अस्वल आणि माझी खिडकी एका रेषेत होती. अस्वलाच्या मागे माती नव्हती. मी होते.

मी खिडकी लावली आणि तांदळाच्या डब्याला टेकून जमिनीवर बसले. दीड तास मी तशीच बसले होते. गोळीचा आवाज काही आला नाही. अस्वलाने पोटभर खाल्लं, उतरलं आणि ओढ्याच्या कडेने वर निघून गेलं. बंदूक खोळीतून बाहेर निघालीच नाही.

मुलगी घरी आली ती जपानीतच बोलत. अस्वल केवढं होतं, कान कसे होते, त्याने बिया थुंकल्या का. मी मराठीत उत्तरं देत होते आणि तिला जरा जास्तच वेळ जवळ घेऊन बसले होते. तिने शेवटी विचारलं की आपण अशा का बसलोय.

दरम्यान नवऱ्याने व्हिडिओ घरच्या ग्रुपवर टाकला होता. त्यामुळे सासूबाईंना अस्वल, बंदूक आणि माझी चळवळ हे सगळं एकदमच कळलं. त्यांचा फोन आला. मी ऐकून घ्यायची तयारी ठेवली होती. त्यांनी सगळं शांतपणे विचारून घेतलं आणि म्हणाल्या, "त्या आजोबांना माझा नमस्कार सांग." मग, तुला काही अक्कल आहे का, हेही म्हणाल्याच.

पुढच्या बैठकीत आजोबांनी यादी माझ्यासमोर ठेवली आणि तिसऱ्या मागणीवर बोट ठेवलं. इमारतीतल्या लोकांनी खिडकीपासून लांब राहावं.

"सोप्या जपानीत हे तुम्हीच लिहिलंय ना?"

मी हो म्हटलं.

"चांगलं लिहिलंय," ते म्हणाले. "मलासुद्धा कळलं."

बाकीच्या सहाजणी चहाच्या कपात पाहत बसल्या. त्यांतल्या निदान तिघींनी खिडकीतून व्हिडिओ काढले होते, हे मला ठाऊक होतं.

त्या रविवारी पर्सिमनं उतरवली. रिकाम्या घराचे मालक टोकियोत राहतात, त्यांना पत्र पाठवून परवानगी घेतली होती. नवरे मंडळींना शिड्या धरायला उभं केलं. माझ्या नवऱ्याने शिडीच्या बिजागरीचा धातू कसा चुकीचा आहे यावर खालून व्याख्यान दिलं आणि वरच्या आईने त्याच्या खांद्यावर एक फळ पाडलं. ती चुकून पडलं म्हणते. फळं तुरट होती. सोलून, दोरीला बांधून ती सगळ्यांच्या गॅलऱ्यांत वाळत घातली. मी काहींचं लोणचं घातलं. अध्यक्षबाईंनी ते चाखून 'फार वेगळी चव आहे' म्हटलं. इथे याचा अर्थ काय होतो ते मला आता कळतं.

हिवाळ्यात आम्ही यादी महापालिकेत दिली. आजोबांच्या लाल पेनानंतर ती नऊची सोळा झाली होती. अर्जावर संघटनेचं नाव आणि सदस्यसंख्या हवी होती. नावात आया होत्या, सदस्य आठ. अधिकाऱ्याने बाकावर बसलेल्या आजोबांकडे पाहिलं, पण विचारलं काही नाही. पुढच्या दोन-तीन महिन्यांत बरंचसं मान्य झालं. पहिला फोन शाळेला, सोप्या भाषेतली घोषणा, दोन वर्तुळांचा नकाशा, शेवटी 'संपलं' सांगणं. निर्णय घेताना एक आई हजर हवी, ही मागणी मात्र फेटाळली. ते सांगताना अधिकारी इतका खजील झाला की आम्हालाच त्याची समजूत काढावी लागली.

वसंतात आजोबांनी परवाना परत केला. डोळ्यांवर आता पुरता भरवसा नाही, असं ते बैठकीत येऊन स्वतः म्हणाले. आम्ही काहीबाही बोलून त्यांना थांबवायचा प्रयत्न केला, पण यादीच्या अकराव्या कलमात दरवर्षी डोळे तपासायचं त्यांनीच घातलं होतं. मग आता कोण, असा प्रश्न सगळ्यांच्या चेहऱ्यावर होता. तेव्हा दातांच्या दवाखान्यातली आई हळूच म्हणाली की ती परवान्याच्या परीक्षेला बसतेय. पहिला पेपर झालाही होता. आजोबा तिला शिकवत होते, हे आमच्यापैकी एकीलाही माहीत नव्हतं.

मे महिन्यात एक तरुण पोलीस आमच्या दारी आला. बंदूक मागणाऱ्याची चौकशी शेजारीपाजारी करायची, असा इथला नियम आहे. मी त्याला आत बसवलं, बार्लीचा चहा दिला. दातांच्या दवाखान्यातल्या आईचं घरात भांडण होतं का, ती दारू पिते का, असं एकेक विचारून तो लिहून घेत होता. मी सगळ्याला नाही म्हणत गेले. मग त्याने विचारलं की ती कधी चिडते का.

मी खरं सांगायचं ठरवलं. म्हटलं, चिडते. बैठकीत नकाशावर कुणी चहाचा कप ठेवला तर.

त्याने ते लिहून घेतलं. मग पेन थांबवून विचारलं, "चिडल्यावर त्या काय करतात?"

"कप उचलतात," मी म्हटलं, "आणि खाली बशी ठेवतात."

त्याने तेही लिहिलं, माझ्याकडून शिक्का घेतला आणि वाकून निरोप घेतला. या वेळी मी कागद आधी पूर्ण वाचला होता.